तांबड्या रंगाची साक्ष

आपल्या घरांत तांबडा रंग इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं, तो कशाचा झाला आहे हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. देव्हाऱ्यापुढील कुंकवाची कोयरी, मारुतीच्या अंगावरील शेंदूर, तुळशीवृंदावनास सणावारीं द्यावयाचा गेरू, पानाच्या डब्यांतील कात, हे सर्व आपण एकाच रंगाचे भाऊबंद समजतों. आणि डोळ्यांस ते तसे दिसतातही. परंतु रसायनशास्त्रास विचाराल तर यांचें गोत्रसुद्धां जुळत नाहीं. गेरू लोखंडाचा, शेंदूर शिशाचा, वैद्याच्या खलांतील हिंगूळ पाऱ्याचा, आणि कुंकू व कात हीं वनस्पतींचीं लेंकरें. रंग एक, कुळें चार. विद्यार्थ्यास हा भेद परीक्षेपुरता पाठ असला म्हणजे पुरे होतें. पण माणसानें आपल्या मृतांवर जो तांबडा रंग वाहिला त्याचा विचार करूं लागलें म्हणजे या भेदाला निराळेंच महत्त्व येतें. मेलेल्याच्या बाजूनें बोलणारी साक्ष कित्येकदां चिमूटभर रंगावर येऊन ठेपते. आणि तो रंग कोणत्या कुळाचा यावर ती साक्ष टिकणार कीं विरणार हें ठरतें.

या विचारास निमित्त झालें तें ठाणें जिल्ह्यांतील एका खेड्याचें. शहापूर व मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं एकमेकांस लागून आहेत. शहापुराकडे माहुलीचा किल्ला, तानसा व भातसा यांचे जलाशय आणि कसाऱ्याचा घाट. मुरबाडाकडे काळू नदी, सिद्धगड, माळशेज आणि सातवाहनांच्या काळापासून वाहती असलेली नाणेघाटाची वाट. मुंबईकर जें पाणी पितात त्याचा मोठा भाग या डोंगराळ मुलखांतून येतो. परंतु या मुलखाकडे पाहावयास मुंबईकरांस पावसाळ्यांतील धबधब्यांपलीकडे सवड होत नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी मुरबाडाकडील एका खेड्यांत शिक्षक आहे. त्याच्या आग्रहावरून गेलीं कांहीं वर्षें आम्ही हिवाळ्यांत चार दिवस तिकडे काढतों, आणि दोन्ही तालुक्यांतील वाड्यापाड्या पायांखालीं घालतों.

या भटकंतींत जुने वीरगळ बरेच दृष्टीस पडतात. वाचकांपैकीं पुष्कळांनीं असे दगड पाहिले असतील: खालच्या चौकटींत लढाई, तिच्यावर वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, त्यांच्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याशीं चंद्रसूर्य. वीरगळाखालीं प्रेत पुरलेलें असतेंच असें नाहीं. तो थडगें नव्हे, स्मारक होय. पण मेलेल्या माणसाची खूण म्हणून गांवानें हात जोडावे असा दगड बहुधा तोच असतो. कालांतरानें वीराचें नांव विसरलें जातें, कोरीव काम तेलाच्या व शेंदराच्या थरांखालीं बुजून जातें, आणि कधीं काळीं धारातीर्थीं पडलेला कोणी एक मनुष्य गांवाचा रखवालदार देव होऊन बसतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या गांवीं वेशीवरच्या उंबराखालीं असे तीन दगड आहेत. शेजारच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, आणि या दगडांचें काय करावें यावर गांवांत तीन पक्ष पडले. तरुण मंडळींचें म्हणणें, शेंदराचीं हीं पुटें तारेच्या ब्रशानें खरवडून काढावींत, आणि दगडांस चकचकीत ऑइलपेंट द्यावा. शिक्षकाचें म्हणणें, खरवडावें, पण रंग देऊं नये. खालचें कोरीव काम मोकळें झालें तर गांवाचा इतिहास कळेल. म्हाताऱ्यांचें म्हणणें, देवाच्या अंगास हात लावूं नये. आम्ही रसायनशास्त्र शिकवितों, तेव्हां शेंदराविषयीं आम्हांस कांहीं तरी कळत असलें पाहिजे, अशा समजुतीनें हा वाद आमच्यापुढें मांडण्यांत आला. सर्वांचें बोलून झाल्यावर पारावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, “मास्तर, हा शेंदूर माझ्या बापानं लावला, आज्यानं लावला. तो खरवडलात तर त्यांचा हात पण त्याच्यासंगं जाईल का नाही?”

हा प्रश्न भाविकाचा म्हणून बाजूस सारण्याजोगा नव्हता. जगांतील मोठमोठ्या प्रयोगशाळांत प्राचीन थडग्यांतील तांबडा रंग तपासणारे शास्त्रज्ञ नेमका हाच शोध घेत असतात: हा रंग लावणारा हात कोणाचा होता, त्यानें तो कोठून आणला, आणि कसा तयार केला? म्हणून गांवास उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं त्यांस दूरदेशच्या कांहीं गोष्टी सांगितल्या. त्याच येथें जरा विस्तारानें सांगतों.

इ. स. १८२३ मध्यें ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ आणि धर्मोपदेशक विल्यम बकलंड यांनीं वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पॅव्हिलंडच्या गुहेंत एक सांगाडा उकरून काढला. हाडें गेरूनें तांबडीं झालेलीं. शेजारीं हस्तिदंताचे दागिने. बकलंड यांनीं निदान केलें कीं, ही रोमन अमदानींतील कोणी स्त्री असावी. आणि “पॅव्हिलंडची तांबडी बाई” हें नांव तेव्हां जें पडलें तें आजतागायत चालू आहे. पुढें तपासणी झाली तेव्हां ती बाई नसून एक तरुण पुरुष असल्याचें दिसून आलें, आणि किरणोत्सर्गी कर्बाच्या मापनानें त्याचा काळ सुमारें ३३,००० वर्षांपूर्वींचा ठरला. रोमचें नांवही जगांत नव्हतें त्या काळीं हा तरुण गेरू शिंपून मातीआड केला गेला होता. गेरूनें खोटी साक्ष दिली नव्हती. ऐकणाऱ्यानें आपल्या काळच्या समजुती तिच्या तोंडीं घातल्या होत्या.

ऑस्ट्रेलियांत मंगो नांवाच्या कोरड्या पडलेल्या सरोवराच्या कांठीं १९७४ सालीं एका पुरुषाचा सांगाडा सांपडला. त्याच्यावरही गेरू शिंपलेला होता, आणि त्याचा काळ सुमारें ४०,००० वर्षांपूर्वींचा मानतात. हा सांगाडा अभ्यासासाठीं राजधानींत नेण्यांत आला. त्या मुलखाच्या मूळ रहिवाशांनीं मात्र आपल्या पूर्वजाच्या अस्थि परत मागण्याचा हेका सोडला नाहीं. आणि २०१७ सालीं त्या अस्थि त्यांच्या भूमींत परत आल्या. ही हकीकत सांगितली तेव्हां आमच्या पारावरील म्हाताऱ्या मंडळींनीं माना डोलावल्या. पूर्वजावर पहिला हक्क कोणाचा हा प्रश्न त्यांना समजावून द्यावा लागला नाहीं.

तिसरी गोष्ट मेक्सिकोंतील. पॅलेंके या प्राचीन माया नगरींत १९९४ सालीं एका मंदिराच्या पोटांतील कबर उघडली. दगडी शवपेटींत एका राजस्त्रीचा सांगाडा होता, आणि तो व पेटीचा आंतला भाग लाल भुकटीनें माखलेला होता. तिलाही लोकांनीं “तांबडी राणी” म्हटलें. वेल्सचा तरुण तांबडा आणि पॅलेंकेची राणीही तांबडी; पण तरुणाचा रंग गेरूचा आणि राणीचा हिंगुळाचा. गेरू पुष्कळ ठिकाणीं पायांखालीं मिळतो. ज्याला वाकतां येतें त्याला तो उचलतां येतो. हिंगूळ मोजक्या खाणींतूनच निघतो; पॅलेंकेस तो दूरच्या डोंगराळ मुलखांतून आणावा लागे. म्हणजे एका थडग्यांतील रंग जिव्हाळ्याची साक्ष देतो, तर दुसऱ्यांतील रंग जिव्हाळ्याबरोबर व्यापाराची, वैभवाची आणि राजसत्तेची साक्ष देतो. हा भेद डोळ्यांस कळत नाहीं. तो रसायनशास्त्रासच कळतो.

तो कळतो कसा? पूर्वींची रीत थोडी निष्ठुर होती. आपले रसवैद्य हिंगूळ तापवून त्यांतून पारा काढीत. त्याच न्यायानें नळींत भुकटी तापविली आणि कांचेवर पाऱ्याचे चकाकते थेंब जमले कीं ती हिंगुळाची हें सिद्ध होई. पण ज्यावरून सिद्ध व्हावयाचें तो रंग मात्र त्यांतच खर्चीं पडे. अलीकडील पद्धति याहून सौम्य आहेत. १९१३ सालीं हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, प्रत्येक मूलद्रव्यापासून निघणारे क्ष-किरण त्या त्या मूलद्रव्याच्या क्रमांकाप्रमाणें ठरलेले असतात. त्या तत्त्वावर चालणारें, हातांत धरतां येईल एवढें यंत्र आज हाडाजवळ नेलें कीं, रंगांत लोखंड आहे, पारा आहे कीं शिसें आहे, हें घटकाभरांत कळतें. हाडास ओरखडाही पडत नाहीं. बिचारा मोझली १९१५ सालीं गॅलिपोलीच्या लढाईंत वयाच्या २७ व्या वर्षीं पडला. आपल्याकडे असता तर कोठल्या तरी वेशीवर त्याचा वीरगळ उभा राहिला असता.

दुसरी पद्धति तर आपल्याच घरची. १९२१ सालीं आगबोटीनें प्रवास करीत असतां भूमध्य समुद्राची निळाई पाहून चंद्रशेखर व्यंकट रामन् यांच्या मनांत प्रकाशाच्या विखुरण्याविषयीं जें कुतूहल जागें झालें, त्याचें फळ २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास हातीं आलें. पदार्थावर एकरंगी प्रकाश टाकला असतां परत येणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग किंचित् बदलून येतो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंच्या घडणीवर अवलंबून असतो. माणसाची ओळख जशी अंगठ्याच्या ठशावरून पटावी तशी पदार्थाची ओळख या बदलावरून पटते. आज गुहांतील, भिंतींवरील, थडग्यांतील रंग ओळखण्यासाठीं जगभर या रामन् परिणामाचा उपयोग होतो. समुद्राच्या निळ्या रंगापाशीं सुरू झालेला विचार मृतांच्या तांबड्या रंगापर्यंत येऊन पोहोंचला.

रंग कोणता एवढेंच नव्हे, तर तो कसा केला हेंही कधीं कधीं कळतें. पिवळ्या मातींत लोखंडाचें जें खनिज असतें त्यास जर्मन महाकवि गटे याचें नांव देऊन ‘गोएथाइट’ म्हणतात. गटेनें काव्याइतक्याच आवडीनें खनिजांचा आणि रंगांचा अभ्यास केला होता. हें खनिज विस्तवांत तापविलें कीं त्यांतील पाणी निघून जातें आणि पिवळ्याचें तांबडें होतें. असा भाजून केलेला तांबडा रंग आणि खाणींतून मुळांतच तांबडा निघालेला गेरू यांच्या कणांची घडण थोडी निराळी असते, आणि क्ष-किरणांच्या साह्यानें ती पुष्कळदां ओळखतां येते. हजारों वर्षांपूर्वीं कोणी तरी पिवळी माती मुद्दाम भाजून लाल केली एवढें सिद्ध झालें, तरी त्या अनाम हाताविषयीं आपणांस बरेंच कळलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण तांबडाच रंग कां, या प्रश्नाचें उत्तर यंत्र देत नाहीं. रक्ताचा रंग तांबडा, म्हणून मृतास पुन्हा रक्त देण्याचा तो प्रयत्न, असें पुष्कळांचें अनुमान आहे. गेरूंतील मुख्य खनिजाचें ‘हिमॅटाइट’ हें नांवही ग्रीक भाषेंतील रक्तवाचक शब्दावरून आलें आहे. आणि योगायोग असा कीं, रक्ताचा तांबडेपणाही लोखंडाच्याच आश्रयानें असतो. तें त्या आदिमानवास ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्याला विस्तव ठाऊक होता, रक्त ठाऊक होतें, उगवतीचा रंग ठाऊक होता. यांपैकीं काय त्याच्या मनांत होतें हें सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ ते १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांच्या नांवांशीं तें निगडित आहे. इ. स. पूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेलें हें शेतकऱ्यांचें गांव आपल्या मृतांस घरांतच पुरी. तान्हीं मुलें दोन रांजणांत, तोंडास तोंड लावून, जमिनीखालीं ठेवलेलीं. प्रौढांचे पाय घोट्याखालीं तोडलेले. शेजारीं मृताच्या उपयोगासाठीं मांडलेलीं भांडीं. मुलांचे रांजण बहुधा करड्या रंगाचे, तर भांडीं जोर्वे पद्धतीचीं, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेलीं. या भांड्यांचा तांबडा रंग लोखंडाचाच. भट्टींत हवा खेळती ठेवली तर मातींतील लोखंड तांबडें होतें, हवा कोंडली तर काळें-करडें होतें. विदर्भांत माहुरझरी, नायकुंड, जुनापाणी येथील शिळावर्तुळांत जीं काळीं-तांबडीं भांडीं मिळालीं त्यांत तर एकाच भांड्याच्या अंगावर हीं दोन्हीं रूपें नांदतात. मृतासाठीं भट्टींतून कोणता रंग काढावयाचा हें त्या कुंभारास पक्कें ठाऊक होतें.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एखाद्या थडग्यांत तांबडी भुकटी मिळाली नाहीं, म्हणून त्या लोकांनीं आपल्या मृतास तांबडा रंग वाहिलाच नाहीं असें म्हणतां येईल काय? चार कुळांपैकीं लोखंडाचा रंग ऊन, पाणी, काळ या कशासही दाद देत नाहीं. हिंगूळ उजेडांत हळूहळू काळवंडतो, पण थडग्याच्या अंधारांत टिकून राहतो. शेंदूरही उघड्या हवेंत काळा पडत जातो. आणि वनस्पतींचे रंग? शहापूर-मुरबाडच्या रानांतील कातकऱ्यांचें नांवच मुळीं खैराच्या लांकडापासून कात काढण्याच्या त्यांच्या जुन्या धंद्यावरून पडलें आहे. याच रानांत शेंदरीचें झाड आहे. त्याच्या फळांवरील लाल भुकटीनें रेशीम रंगवितात. हळदीस क्षार लावला कीं ती लाल होते, आणि आपलें पारंपरिक कुंकू त्याच युक्तीनें होतें. हे सारे रंग डोळ्यांस गेरूहून अधिक मोहक; पण मातींत पडले कीं थोड्याच काळांत कुजून नाहींसे होतात. म्हणजे काळ सर्व रंगांस सारखें वागवीत नाहीं. खनिजांचे रंग जेथें वापरले ते लोक आपणांस मृतांवर प्रेम करणारे दिसतात. वनस्पतींचे रंग वापरणारे लोक रंगाविषयीं उदासीन दिसतात. हा दोष त्यांच्या भावनेचा नव्हे, रेणूंचा आहे.

आमच्या मातोश्री अहेवपणीं गेल्या. घरांतील बायकांनीं त्यांस न्हाऊं घातलें, हिरवें लुगडें नेसविलें, आणि कपाळभर मळवट भरला. आळींतील सुवासिनी एकेक येऊन त्यांस कुंकू लावून, पायांवर डोकें ठेवून गेल्या. इतका तांबडा रंग आम्हीं एकाच कपाळावर पुन्हा कधीं पाहिला नाहीं. तिसऱ्या दिवशीं अस्थि वेंचण्यास गेलों तेव्हां राखेंत त्याचा लवलेशही उरला नव्हता. उद्यां कोणी कितीही कुशल रसायनज्ञ आला, आणि त्यानें जगांतील सर्व यंत्रें त्या राखेभोंवतीं मांडलीं, तरी त्या दिवशींच्या कुंकवाचा एक कणही त्यास सांपडावयाचा नाहीं. इनामगांवच्या त्या आयांनींही आपल्या लेंकरांच्या कपाळीं कांहीं लावलें नसेल असें म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं. पुरावा नाहीं हें खरें. पण ज्या रंगाचा पुरावा उरूंच शकत नाहीं त्याच्यासंबंधानें पुराव्याच्या अभावावर किती भर द्यावा, हें शास्त्राच्या अभ्यासकानें ओळखलें पाहिजे.

असो. आतां मुरबाडच्या त्या तीन दगडांचें काय झालें तें सांगून टाकतों. एका दगडावरील शेंदराच्या पुटाची एक कपची आपोआप गळून पायथ्याशीं पडली होती. गांवाची परवानगी घेऊन, आणि देवाला नारळ ठेवून, ती आम्हीं महाविद्यालयांत आणली. तिचा छेद सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला तेव्हां झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें थरावर थर दिसूं लागले. मध्यें मध्यें काजळीच्या बारीक काळ्या रेघा होत्या. त्या दिव्याच्या किंवा धुपाच्या असाव्यात. आंतल्या थरांतील मोहरीएवढा कण सौम्य नत्राम्लांत टाकला, तो तपकिरी पडला. वरचें द्रावण गाळून त्यांत पोटॅशियम आयोडाइड घालतांच सोन्यासारखा पिवळा सांका खालीं बसला. शिशाची ही ओळख आमचे विद्यार्थी पहिल्या वर्षींच शिकतात. म्हणजे आंतले थर अस्सल शेंदराचे, मुरदाडशिंग भट्टींत भाजून केलेल्या. अगदीं वरच्या थरांत मात्र शिशाचा मागमूस नव्हता. त्याचा रंग स्पिरिटांत सरळ उतरला. ती पांढऱ्या भुकटीवर चढविलेली कारखान्यांतील रंगाची पूड होती.

हें सर्व पुढच्या खेपेस पारावर सांगितलें. ज्यांनीं प्रश्न विचारला होता ते वृद्ध गृहस्थ क्षणभर गप्प राहिले, आणि म्हणाले, “म्हणजे बापाचा शेंदूर खरा होता.” त्यांच्या मुद्रेवर जें समाधान दिसलें तें आम्हांस एखाद्या विद्वत्सभेंतील टाळ्यांहून अधिक मोलाचें वाटलें. पण रसायनशास्त्र अर्धेंच सत्य सांगून थांबत नाहीं. खरा शेंदूर शिशाचा, आणि शिसें विष आहे. लहान मुलांच्या शरीरांत तें किती गेलें तर निर्धोक, अशी कोणतीही मर्यादा आजचें वैद्यक मानीत नाहीं. म्हणून त्या गळलेल्या कपच्यांशीं मुलांस खेळूं देऊं नये, शेंदराचा हात धुतल्यावांचून तोंडांत घालूं नये, हें आम्हीं स्पष्ट सांगितलें. आणि तारेच्या ब्रशानें हीं पुटें खरवडलीं तर त्यांची धूळ सबंध वेशीवर उडेल व खरवडणाऱ्याच्याच छातींत जाईल, हेंही सांगितलें. तरुण मंडळींचा उत्साह ओसरला तो आमच्या इतिहासप्रेमानें नव्हे, या धुळीच्या भीतीनें. त्याचें आम्हांस वाईट वाटलें नाहीं.

शिक्षकाची बाजूही आम्ही कमी लेखीत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचा लेप २०२२ सालीं तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं उतरविण्यांत आला. शेंकडों वर्षांचा तो लेप हजार किलोंहून अधिक भरला, आणि त्याखालून देवीचें मूळ रूप प्रकट झालें. मूर्तीच्या रक्षणासाठीं असें करणें अवश्य होतें तेव्हां तें जाणत्या हातांनीं झालें. पण प्रत्येक वेशीवर असे हात कोठून आणावयाचे? याच मुलखांतील दुसऱ्या एका गांवीं दगड घांसून स्वच्छ केलेला आम्हीं पाहिला. शेंदराबरोबर वीराचें नाकडोळें गेलें होतें, अप्सरांचे हात गेले होते, आणि उरलेल्या सपाट दगडावर रुपेरी व लाल ऑइलपेंट चकाकत होता. तो दगड आतां आपल्या गांवास कांहींच सांगूं शकत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या गांवानें अखेर ठरविलें कीं, दगड जागचे हलवावयाचे नाहींत, खरवडावयाचे नाहींत, त्यांवर फक्त पावसापुरतें छप्पर घालावयाचें. ऑइलपेंट नव्या देवळाच्या भिंतीस लागला. दगडास चिकटलेला अगदीं पहिला थर अजून दगडासच चिकटून आहे. ज्याला आज्याच्याही आज्याचा हात पाहावयाचा असेल त्याच्यासाठीं तो तेथें शिल्लक आहे.

दगड निदान डोळ्यांस दिसतात. जमिनीखालीं जें आहे त्याची काळजी याहून मोठी. कोंकणांतील मुसळधार पाऊस आणि आंबट माती हाडांचा फार काळ टिकाव लागूं देत नाहींत. देशावरील इनामगांवास सांगाडे मिळाले तसे सह्याद्रीच्या या अंगास मिळतील अशी आशा थोडीच. अशा मुलखांत एखाद्या जुन्या थडग्याचा शेवटचा साक्षीदार खापराचा तुकडा किंवा मुठीएवढा गेरूच असूं शकेल. सह्याद्रीच्या काळ्या खडकांच्या थरांमध्यें तांबड्या मातीचे पट्टे निसर्गतःच असतात. तेव्हां प्रत्येक तांबडा डाग हें थडगें नव्हे. परंतु तो डाग एकाकी आहे कीं काय, त्याचा आकार आंखीव आहे कीं काय, त्याच्या शेजारीं खापरें, मणी, कोळसा आहे कीं काय, हें पाहावयास शास्त्रज्ञ लागत नाहीं. खोदणाऱ्यानें क्षणभर वाकून पाहिलें तरी पुरतें. समृद्धि महामार्ग शहापूर तालुक्यांतून गेला, त्याच्या पाठोपाठ गोदामें व घरें उठत आहेत, आणि यंत्राचा फावडा एका दिवसांत जितकी माती उपसतो तितकी पूर्वींचे गांवकरी दहा वर्षांत उपसत नसत. प्रगतीस आमचा विरोध नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे शेतजमिनीचे तुकडे, नव्या घरांचे पाये या बाजूस आहेत, म्हणून त्यांस एवढीच विनंती कीं, पाया खणतांना जुन्या खापरांच्या संगतींत असा लाल डाग दिसला तर फावडा थांबवावा, माती हालवूं नये, आणि तहसील कचेरींत वर्दी द्यावी. दोन दिवस काम खोळंबेल, एवढेंच.